डक्टकडची खिडकी

५ मार्च

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

आधी सगळ्यांच्या तब्येती विचारते, मग भांडते. सूनबाईची पाठ कशी आहे? कॉम्प्युटरसमोर वाकून बसण्यापेक्षा मधूनमधून उठून दाराशी जाऊन यायला सांग तिला. मी उभा जन्म शिवणाच्या मशीनवर वाकले, पण पाठ अजून सरळ आहे ती अशी उठत राहिले म्हणूनच. छोटीचा खोकला गेला का? तिचा पडलेला दात आला, की अजून फटीतून शिट्ट्या मारते? तुझं पित्त? चहा सोडलास असं खोटं लिहू नकोस. आणि तुमची ती लंगडी मांजर जिन्यावरून चढायला लागली का?

इकडे तुझ्या बाबाचा गुडघा कुरकुरतो, तोंड मात्र ठणठणीत आहे. दादा अजूनही आमच्या या सगळ्यात वरच्या मजल्यावरच्या घरात, डक्टकडच्या खिडकीशी टेबल लावून दिवसभर लोकांचे जुने रेडिओ उसवत बसतो आणि मला टोमणे मारतो. फोन का करत नाही म्हणून रुसू नकोस. फोन लावला की हा हातातलं काम थांबवून कान टवकारतो आणि मध्येच तोंड घालतो. पत्रात त्याला शिरता येत नाही.

आता भांडण. गेल्या महिन्यात आलास आणि मला चावी देऊन गेलास. 'आत्या, हवामान बदलाचं काम गल्लीगल्लीतून व्हायला हवं. तू तुमच्या इमारतीत सुरू कर. तुझं लोक ऐकतात.' ऐकतात म्हणे! मी ब्लाउजचा गळा केवढा ठेवायचा ते सांगितलं, तर ऐकतात. पृथ्वीचं सांगितलं तर घड्याळ बघतात.

दर रविवारी संध्याकाळी खाली पार्किंगमध्ये वर्ग ठेवलाय. पहिल्या रविवारी चौघीजणी आल्या. त्यातल्या दोघींना वाटलं विणकामाचा वर्ग आहे, सुया घेऊन आल्या होत्या. तू दिलेली पुस्तिका वाचायला घेतली. 'शमन', 'अनुकूलन', 'कार्बन पदचिन्ह'. अरे, हे कुणी लिहिलं? त्या माणसाला आई नव्हती का बोलायला शिकवायला? मी पुस्तिका मिटली आणि म्हटलं, बायांनो, उन्हाळ्यात कोटाला एक अस्तर लावलं, त्यावर दुसरं, त्यावर तिसरं, तर आतल्या माणसाचं काय होईल? आपण धूर सोडून पृथ्वीच्या कोटाला अस्तरं लावत बसलोय. एवढं त्यांना कळलं. तेवढ्यात आमचे चेअरमन, ते तळमजल्यावरचे दातांचे डॉक्टर, किल्ली फिरवत आले. 'मावशी, वर्ग छान आहे हं, पण जरा खुर्च्या सरकवता? गाडी काढायचीय.' झाला वर्ग.

गच्चीला पांढरा रंग द्यावा असा अर्जही दिला. पांढऱ्या गच्चीवरून ऊन परत जातं आणि खालच्या खोल्या गार राहतात, हे तूच सांगितलंस. सगळ्यात जास्त तापते ती आमचीच खोली, पण मी अर्जात ते लिहिलं नाही, स्वार्थी दिसू नये म्हणून. चेअरमन म्हणाले, 'पांढरी गच्ची हॉस्पिटलसारखी दिसते.' मी म्हटलं, गच्ची बघतं कोण, कावळे? दादा वरून सगळं ऐकत होता. घरी आल्यावर म्हणतो, 'अध्यक्ष महोदया, पृथ्वी वाचली का? मग चहा टाका.'

तुमच्या महापालिकेच्या हवामान कक्षात लोकांना गोळा कसं करतात, ते नीट लिहून पाठव. मला दातांच्या डॉक्टरपुढे हात टेकायचे नाहीत.

तुझी
आत्या

*

१७ मार्च

प्रिय आत्या,

पत्र वाचून सूनबाई इतकी हसली की पाठीत पुन्हा चमक भरली. ती तिची तब्येत. छोटीला दात आलाय, वाकडा. खोकला गेला. मांजर जिना चढते, उतरताना मात्र आम्हाला हाका मारते. माझं पित्त तुला माहीतच आहे, म्हणून लिहीत नाही.

आत्या, तू उगाच चिडतेस. चौघी म्हणजे सुरुवात वाईट नाही. आमच्याकडे मोठे हॉल भाड्याने घेऊन दोन माणसं आलेली मी बघितली आहेत, त्यातला एक माइकवाला. फक्त पृथ्वीपासून सुरुवात करू नकोस. माणसाच्या अंगापासून कर. त्यांना विचार, रात्री झोप लागते का? मुलं उकाड्यानं रडतात का? गरम रात्री हृदयावर किती ताण येतो ते सांग. उन्हाळा त्यांच्या स्वतःच्या घरात आणून ठेव, मग बघ.

तुझ्या अस्तराची गोष्ट ऑफिसात सांगितली. सगळे खूश झाले. माझ्याकडचं काम सध्या थोडं वेगळं आहे, त्यामुळे नवी पुस्तिका यायला वेळ लागेल, पण आली की पाठवतो.

बाबांना सांग, टोमणे मारण्याऐवजी वर्गाला येऊन बसा. गुडघ्याला तेल लावतात का?

तुझा
भिंगरी

*

६ एप्रिल

चि. भिंगरीस,
आशीर्वाद. आणि त्याबरोबर एक धपाटाही, पाठीत घेतलास असं समज.

तुझा सल्ला शब्दाला शब्द पाळला. उन्हाळा प्रत्येकाच्या घरात नेऊन ठेवला. आता तोच माझ्या घरात येऊन बसलाय.

तो रविवार मी विसरणार नाही. पार्किंग माणसांनी भरलं होतं. मी एवढंच विचारलं, काल रात्री कोण कोण नीट झोपलं? आणि जो तो बोलायला लागला. दुसऱ्या मजल्यावरच्या शाळेतल्या बाई म्हणाल्या, वर्गातली मुलं दुपारी बाकावर मान टाकतात. पहिल्या मजल्यावरचे विमेवाले, ते कधी स्वतःच्या विम्याशिवाय दुसरं बोलत नाहीत, तेही म्हणाले की आई रात्रभर फरशीवर झोपते. मी सांगितलं, दर उन्हाळा मागच्यापेक्षा वाईट येणार आहे, गरम रात्री म्हाताऱ्या माणसांना सोसत नाहीत, थट्टा नाही ही. चेअरमनसुद्धा किल्ली खिशात ठेवून उभे होते. मी हवेत तरंगत वर आले. दादाला म्हटलं, बघ, ऐकतात लोक. तो म्हणाला, 'ऐकतात ते दिसलं. करतात काय ते बघू.'

काय केलं सांगू? पुढच्या रविवारपर्यंत सगळ्यांनी एसी घेतले.

हसू नकोस. खालपासून आमच्या मजल्यापर्यंत, आम्ही सोडून, झाडून सगळ्यांनी. शाळेतल्या बाई मला जिन्यात थांबवून म्हणाल्या, 'मावशी, तुम्ही डोळे उघडलेत हो आमचे!' विमेवाले तर म्हणाले, तुमच्या बोलण्याने एसीच्या दुकानदाराचा धंदा झाला, त्याच्याकडून तुम्हाला काहीतरी मिळायला हवं.

आणि पुढे ऐक. एसीची ती बाहेरची खोकी इमारतीच्या दर्शनी भिंतीवर लावायची नाहीत, शोभा जाते, असा चेअरमनचा नियम. बाजूच्या भिंतीवर लावायची तर लांब पाइप लागतो, म्हणून तेही नको. मग कुठे? सगळी आतल्या डक्टमध्ये. डक्ट म्हणजे विहीरच की रे, वर तोंड असलेली. खालच्या सगळ्या घरांची गरम हवा त्या विहिरीतून वर चढते आणि विहिरीच्या तोंडाशी कुणाची खिडकी आहे? ती उघडली की हवा अंगावर येते आणि लावली की कोंडून मारते. वरून स्लॅब तापतोय तो वेगळाच. म्हणजे मी बोलले, लोक जागे झाले, आणि जागे होऊन माझ्याच तोंडावर फुंकायला लागले.

चेअरमनकडे गेले. म्हणतात, 'मावशी, तुम्हीच म्हणालात ना उष्णता जीवघेणी आहे? आम्ही तुमचंच ऐकलं.' आता याला काय उत्तर द्यायचं ते तूच सांग, तुमच्या कक्षात शिकवत असतील.

दादा ठीक आहे. हल्ली दुपारी जरा आडवा होतो, एवढंच.

तुझी
आत्या

*

१५ एप्रिल

प्रिय आत्या,

हसलो. माफ कर. मग सूनबाईने वाचलं आणि ती हसली नाही, तेव्हा मीही थांबलो.

पण असं होतं ग. लोक पहिलं पाऊल चुकीच्या बाजूला टाकतात, तरी पाऊल टाकलं हे महत्त्वाचं. धीर धर. चेअरमनशी समोरासमोर वाद घालू नकोस, लेखी अर्ज दे. सोबत एक नमुना पाठवतोय. त्यात 'सामूहिक उष्णता व्यवस्थापन' असा मथळा आहे, तो तसाच ठेव, वजन पडतं. मग सह्या गोळा कर, मग त्यांना उत्तरासाठी मुदत दे. पायरीपायरीनं जा.

बाबा दुपारी झोपायला लागले हे वाचून बरं वाटलं. मी किती वर्षं सांगतोय, आराम करा म्हणून.

मे महिन्यात यायचं ठरलं होतं, पण ऑफिसात मोठं काम अंगावर आलंय, निघता येईलसं वाटत नाही. पावसाळ्यात नक्की येतो.

तुझा
भिंगरी

*

९ मे

भिंगरी,

आज तब्येती विचारत नाही. फोनवर तू 'आत्या, काय झालं, काय झालं' एवढंच म्हणत राहिलास आणि मी 'बरा आहे, पत्र लिहिते' म्हणून ठेवला. फोनवर मला रडू आलं असतं आणि दादा शेजारीच होता.

तू लिहिलंस, बाबा झोपतात ते बरं. भिंगरी, तुझा बाप दुपारी झोपत नव्हता, पडून राहत होता. मला माहीत होतं आणि मी लिहिलं नाही. 'पोराला कळवशील तर तुझ्याशी बोलणार नाही' असा दम दिला होता त्यानं. मागच्या आठवड्यात मी माझ्या शिवणाच्या दुकानातून जेवायला आले, तर हा टेबलावर डोकं टेकून. मला वाटलं रेडिओला कान लावून बसलाय. हाक मारली. हातातली तारांना डाग द्यायची सोल्डरिंगची सळई तशीच चालू होती, टेबलाचं लाकूड जळत होतं. अंगाला हात लावला तर तवा. घाम नाही, काही नाही. माझ्या नावानं हाक मारली त्यानं, पण मी लहान असतानाची हाक, जी गेल्या कित्येक वर्षांत मारली नव्हती. कुठे आहे तेच त्याला कळत नव्हतं.

शाळेतल्या बाईंनी आणि विमेवाल्यांनी खुर्चीत घालून त्याला खाली नेलं. हॉस्पिटलात ओल्या चादरी, बर्फ, सलाइन. डॉक्टर मला विचारतात, 'आजी, यांना उन्हात कुणी पाठवलं?' मी म्हटलं, उन्हात नाही हो, घरात होता.

त्या वेळी तुझा मोबाइल लागेना. म्हणून तू दिलेल्या नमुन्यावरच्या नंबरवर, तुमच्या हवामान कक्षात, फोन केला. तिथली मुलगी म्हणाली, 'ते इथे कुठे? जानेवारीतच बदली झाली त्यांची. जाहिरातींच्या फलकांना परवाने देतात तिथे आहेत.'

मी रिसीव्हर ठेवला. बाप आत बर्फात, आणि पोरगा कुठल्या टेबलावर बसतो तेही मला माहीत नाही. जानेवारी! म्हणजे फेब्रुवारीत येऊन मला चावी दिलीस तेव्हा तू त्या कामात नव्हतास. 'ऑफिसात अस्तराची गोष्ट सांगितली, सगळे खूश.' कोण खूश? फलकवाले?

मला पायरीपायरीनं जायला सांगतोस. तुझ्या त्या नमुन्यावर सह्या घेत मी जिने चढत-उतरत होते, तेव्हा दादा वर भाजत होता. मथळा तसाच ठेवला होता हं. चेअरमननी वाचला आणि विचारलं, याचा अर्थ काय? मला सांगता आला नाही.

दादा परवा घरी आला. माझ्या पुढच्या खोलीत झोपवलं, पण तीही त्याच स्लॅबखाली. सारखं म्हणतो, माझ्या खोलीत ने. डॉक्टर म्हणाले, पुन्हा असं झालं तर सांगता येत नाही. ही गोष्ट मी तुझ्यापासून लपवणार नाही. आता तू मला काय सांगायचं ते सांग.

आत्या

*

१४ मे

प्रिय आत्या,

फोनवर बाबांशी बोललो. 'रेडिओत एवढी गरम गाणी असतात हे माहीत नव्हतं' असं म्हणाले आणि फोन ठेवला.

तू लिहिलेलं सगळं खरं आहे. डिसेंबरमध्ये शहरातल्या तापणाऱ्या वस्त्यांचा अहवाल मी लिहिला होता. त्यातली अर्धी पानं वरच्या साहेबांनी काढायला सांगितली. मी म्हटलं, मग माझं नावही काढा. त्यांनी माझं नाव काढलं, टेबलही बदललं. आता रस्त्यावर फलक लावायला परवाने देतो. आत्या, त्यातल्या कित्येक प्लॅस्टिकच्या फलकांवर 'पृथ्वी वाचवा' लिहिलेलं असतं. मी शिक्का मारतो.

तुला सांगायची लाज वाटली. तू सगळ्यांना सांगत असतेस, आमचा भिंगरी हवामानाचा साहेब आहे. आणि खरं सांगू? मला करता येत नव्हतं म्हणून तुला करायला लावलं. तुझी पत्रं यायची तेव्हा वाटायचं, माझंच काम कुठेतरी चालू आहे. म्हणून असे गोड सल्ले देत बसलो. बाबांची खोली वर आहे, डक्ट त्या खोलीशी उघडतो, हे मला लहानपणापासून माहीत आहे. तरी वाचताना माझ्या डोक्यात आलं नाही. मी त्यात फक्त एक मजेदार किस्सा वाचला.

आता तू हे सगळं थांबव. वर्ग नको, सह्या नको. मी रजेचा अर्ज दिलाय. मिळाली की येऊन बाबांना इकडे आणतो. तोपर्यंत त्यांच्या खोलीत एसी बसवून घे, मी इथून पाठवतो. माझ्या तोंडी हे शोभत नाही, माहीत आहे. पण बाबा जगले पाहिजेत.

तुझा
भिंगरी

*

२८ मे

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद. या वेळी नुसतेच, धपाटा नाही.

सूनबाईच्या पाठीला गरम पाण्याची पिशवी दे. छोटीचा दात वाकडा असला तर असू दे, तुझाही होता. तुझं पित्त आता मला कळलं, कशानं होतं ते. मांजरीला विचारलं म्हणून सांग.

एसी पाठव. दादासाठी मी कशालाही नको म्हणणार नाही. फक्त त्याचं बाहेरचं खोकं मी गच्चीवर बसवणार, उघड्यावर, जिथे ते कुणाच्या तोंडावर फुंकणार नाही. दादा तिकडे यायला तयार नाही. 'मला उचलून नेण्यापेक्षा ती हवा उचलून न्या' म्हणतो. आणि वर्ग थांबवायचं म्हणशील, तर ते तुझं मी ऐकलं नाही. का, ते सांगते.

तुझं पत्र आलं त्या दिवशी दुकानात एक बाई कोट घेऊन आल्या. हँगरवर छान दिसतो, अंगात काखेत काचतो. मी नेहमीप्रमाणे म्हटलं, घालून दाखवा. आणि टाचणी तोंडात धरल्याधरल्या मला माझीच शरम वाटली. आजवर ट्रायल घेतल्याशिवाय कुणाचा कपडा दिला नाही, आणि उकाड्याचा वर्ग मी कुठे घेत होते? पार्किंगमध्ये, सावलीत, वाऱ्यावर! लोकांनी हँगरवरचा उन्हाळा बघितला, अंगात घातला कुणी?

जिन्यात चिठ्ठी लावली: 'या रविवारचा वर्ग वरच्या मजल्यावर, दादांच्या खोलीत, दुपारी तीन वाजता. आजाऱ्याला भेटणं पण होईल.' चेअरमनना स्वतः जाऊन सांगितलं. 'यायचंच हं डॉक्टर. आणि एसी बंद करून येऊ नका, चालू राहू दे. परत जाल तेव्हा घर गार असलेलं बरं.' ते म्हणाले, 'मावशी, तुम्ही किती विचार करता!' मी म्हटलं, करावा लागतो.

आले सगळे. आजाऱ्याला भेटायचं म्हणून फळंबिळं घेऊन. दादाला मी पुढच्या खोलीत ओला पंचा गुंडाळून निजवला होता, पण हा पठ्ठ्या उठून दारात खुर्ची टाकून बसला, मजा बघायला. सगळी मंडळी त्याच्या खोलीत कोंबली. मी दार ओढून घेतलं नाही, तेवढी काही दुष्ट नाही. फक्त डक्टकडची खिडकी उघडली.

विमेवाल्यांनी रुमाल काढला. चेअरमनच्या चष्म्यावर घाम गळायला लागला. खालून ती सगळी खोकी घरघरत होती आणि धाप टाकावी तशी हवा आत येत होती. शाळेतल्या बाई म्हणाल्या, 'पंखा लावा ना.' मी म्हटलं, लावलाय. त्यांनी वर बघितलं.

मग चेअरमन म्हणाले, 'हे काय, इतकं गरम कसं इथे?'

दादा दारातून म्हणाला, 'आपलीच हवा आहे, डॉक्टर. पाहुणी म्हणून येते रोज. तुमची जरा घोगरी येते, तिला तेलपाणी करा.'

शाळेतल्या बाई उठल्या. मला वाटलं, चालल्या. पण त्या खाली जाऊन आपला एसी बंद करून परत वर आल्या आणि दादाच्या पायाशी फरशीवर बसल्या. म्हणाल्या, 'त्या दिवशी मी तुम्हाला खुर्चीतून खाली नेलं, आणि घरी येऊन तोच एसी लावून झोपले हो.' त्यांचे डोळे भरले होते की घाम होता, मी बघितलं नाही.

आता तुला वाटेल, सगळं झालं, वाजवा टाळ्या. थांब. बाईंचं आणि विमेवाल्यांचं खोकं बाजूच्या भिंतीवर गेलं, लांब पाइप घालून. दोघांची घरं गारच आहेत, मग आधी काय अडत होतं कुणास ठाऊक. गच्चीला पांढरा रंग दिला, पण अर्धीलाच. मी, बाई आणि विमेवाले मिळून, पहाटेच्या गारव्यात, ब्रश धरून. उरलेल्या अर्ध्यासाठी मीटिंगमध्ये ठराव हवा म्हणे. चेअरमन म्हणाले, पुढच्या मीटिंगला विषय घेऊ. त्यांचं खोकं अजून डक्टमध्येच आहे, घोगरं. आणि ऐक, त्या अर्ध्या गच्चीवर उभं राहून त्यांनी स्वतःचा फोटो काढून घेतला, वर लिहिलं 'आमची हिरवी इमारत'. मी ब्रश फेकून मारणार होते. त्या फोटोचा फलक करायला ते तुझ्याकडे परवाना मागायला आले तर शिक्का मारू नकोस.

मी त्यांना सांगून आले, पुढची मीटिंग दादाच्या खोलीत. दुपारी. त्यापुढचीही तिथेच. विषय संपेपर्यंत.

पांढरा अर्धा भाग दादाच्या खोलीवरचा आहे. काल तो टेबलाशी परत गेला, जळक्या खुणेवर रेडिओ ठेवून बसला. संध्याकाळी मी विचारलं, कसं वाटतं? म्हणाला, 'आधी पंखा वाफ द्यायचा, आता वारा देतो.' मग थोड्या वेळानं, 'अध्यक्ष महोदया, चहा मी टाकतो.' भिंगरी, आमच्या घरात हे पहिल्यांदा झालं. चहा वाईट होता.

तुझा अहवाल, ती काढलेली पानं असतील ना तुझ्याकडे? ती घेऊन ये. कठीण शब्द गाळून मला वाचून दाखव. आमच्या वर्गाला शिकवायला काही नाही सध्या, नुसता संताप आहे. शेजारच्या इमारतीतल्या दोघीजणी यायला लागल्यात, त्यांच्याही डक्टमध्ये खोकी आहेत आणि वरच्या मजल्यावर कुणाची तरी आई. त्यांना काय सांगू? तिथे परवान्याच्या टेबलावर तुझं कुणी ऐकत नसेल, इथे तर चेअरमनसुद्धा घाम पुसत ऐकतात.

रजा मिळाली की नाही, ते कळव. नाही मिळाली तर नाही मिळाली असंच लिही, गोड करून लिहू नकोस. मीही दादाचं जसं असेल तसं लिहीन. तो रोज पोस्टमनची सायकल वाजली की रेडिओ बंद करतो आणि काही विचारत नाही. म्हणून लवकर लिही.

तुझी
आत्या